क्रमांक एकचा कारभार



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी बोनस, संप किंवा कंत्राटी कामगार यांपैकी काहीतरी सांगेन अशी त्यांची अपेक्षा असावी. ‘संगणक सुरू कसा होतो’ असे मी म्हटल्यावर ते क्षणभर गप्पच झाले. त्यांचा काही दोष नाही. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे, आणि तीस वर्षे गेली ती कारखान्यांच्या दारांशी. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारलेच, तर उत्तर एवढेच, की हा विषय मला अडला होता. ज्याला अडते, तो शिकतो.

अडला कसा, ते सांगतो. आमच्या कामगारांची एक लहानशी पतपेढी आहे. तिच्या संगणकावर लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम चालते. फुकट मिळते, म्हणून आम्ही ती घेतली. एका शुक्रवारी दुपारी वीज गेली आणि तासाभराने आली. यंत्र सुरू झाले, पण खातेवहीचा प्रोग्रॅम काही उघडेना. समोर एक सभासद उभा होता. सून दवाखान्यात दाखल, अनामत भरायची होती, तातडीचे कर्ज हवे होते. कारकुनाने यंत्र दोनदा बंद करून चालू केले. मग चहा मागवला. चहा झाल्यावर पुन्हा एकदा बंद-चालू केले आणि वही उघडली! कारकून म्हणाला, देवाची कृपा. माझे काही समाधान झाले नाही. तिसऱ्या खेपेस जे चालते, ते पहिल्या खेपेस का चालू नये?

मंडळी, संगणक सुरू होणे म्हणजे गिरणी सुरू होणे. माझे वडील गिरणीत होते. ते सांगत, की भोंगा वाजला म्हणजे गिरणी सुरू झाली असे बाहेरच्यांना वाटते; पण त्याच्या कितीतरी आधी बॉयलरखात्यातला माणूस येऊन गेलेला असतो. वाफ नाही तर इंजिन नाही, आणि इंजिन नाही तर साचे नाहीत. संगणकातही तसेच. आधी सिस्टीमचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, तो जागा होतो. तो स्वतः फक्त एकच काम सुरू करतो. त्या कामाला, म्हणजे त्या प्रोसेसला, क्रमांक मिळतो एक. बाकी सगळी माणसे, म्हणजे सगळ्या प्रोसेस, त्याने किंवा त्याच्या लेकरांनी बोलावलेली. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 1970 च्या सुमारास युनिक्स घडवली, तेव्हापासून या पहिल्या प्रोसेसला ‘इनिट’ म्हणतात. हा मुकादम मेला, तर कर्नेल सगळा कारखानाच बंद करते. त्याच्याविना चालवणे तिला मान्य नाही.

पुढे 1983 साली सिस्टीम फाइव्ह नावाची युनिक्स आली. तिच्यातली पद्धत लिनक्सनेही कित्येक वर्षे चालवली. पद्धत सोपी होती. प्रत्येक सेवेची एक चिठ्ठी, चिठ्ठीच्या नावात एक आकडा, आणि मुकादमाने आकड्यांच्या क्रमाने एकेक चिठ्ठी वाचत जायचे. दहावाला उठव, मग विसावा, मग तिसावा. यात दोन खोट्या होत्या. एक म्हणजे एकाचे आटोपेपर्यंत दुसरा बसून राही, मग त्या दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसला तरी. दुसरी खोट अधिक वाईट. क्रम कागदावर असे, पण क्रमामागचे कारण कोठेच लिहिलेले नसे. विसावा तिसाव्याच्या आधी का, हे ज्याने आकडा घातला त्यालाच ठाऊक. तो नोकरी सोडून गेला, की कोणालाच नाही.

आमच्या पतपेढीत नेमके हेच झाले होते. यंत्र बसवणाऱ्याने चिठ्ठीत लिहून ठेवले होते, ‘तीस सेकंद थांब, मग खातेवही सुरू कर.’ तीसच का? तर त्या दिवशी त्याच्यासमोर डेटाबेस तीस सेकंदांच्या आत उठला असेल, म्हणून. पण वीज अचानक गेली, की डेटाबेसला आधी आपले अर्धवट राहिलेले हिशेब तपासून नीट लावावे लागतात. त्या शुक्रवारी त्याला तीस सेकंद पुरले नाहीत. चहाच्या वेळात त्याने ते काम उरकले, एवढीच काय ती देवाची कृपा!

आता मला ज्याने खरे पकडून ठेवले, त्या गोष्टीकडे येतो. जुन्या पद्धतीत सेवा सुरू होताना एक विचित्र प्रकार करीत असे. ती एक मूल जन्माला घाली आणि स्वतः मरे. ते मूल आणखी एकाला जन्म देई आणि तेही मरे. उरला नातू. हा नातू अनाथ. अनाथांचा सांभाळ क्रमांक एकने करायचा, हा युनिक्सचा दंडक. त्यामुळे तो मुकादमाच्या पदरी पडे. पण हा कोणत्या सेवेचा, कोणाच्या कामावर आलेला, हे मुकादमाला ठाऊक नसे. तो मेला तर मेल्याची वर्दी मिळे, इतकेच.

हे वाचले आणि मी पुस्तक खाली ठेवले. हे तर मी रोज पाहतो! कंत्राटदाराचा पोटकंत्राटदार, त्याचाही एक हस्तक, आणि त्याने आणलेला मजूर. यंत्रात हात सापडला, की कारखाना म्हणतो आमच्या मस्टरवर नाव नाही, कंत्राटदार म्हणतो माझ्याही नाही. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने ‘मूळ मालक’ या शब्दावर जबाबदारी ठेवली. पण मूळ मालकापर्यंत पोहोचायला आधी हजेरीचा कागद लागतो, आणि नेमका तोच नसतो.

संगणकात या कागदाच्या जागी एक चिठ्ठी असे. सेवा आपला क्रमांक एका फाइलीत लिहून ठेवी. पण सेवा मेली तरी फाइल राही, आणि कालांतराने तोच क्रमांक कर्नेल दुसऱ्याच कोणाला देई. मग ‘अमक्याला थांबवा’ म्हटले, की भलत्याचीच मान कापली जाई. मेलेल्याचा बिल्ला नव्या माणसाला दिला, की जो घोटाळा होतो तोच हा.

यावर उपाय निघाला तो कर्नेलमध्ये. ‘सीग्रुप’ नावाची सोय 2008 च्या आरंभी लिनक्समध्ये आली. ती म्हणजे न फाटणारे मस्टर. ज्या गटात बाप, त्याच गटात मूल जन्मते. नातू, पणतू कितीही होवोत, अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून त्या गटातून कोणाला निसटता येत नाही. 2010 साली लेनार्ट पॉटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी ‘सिस्टमडी’ नावाचा नवा मुकादम पुढे आणला, तो या मस्टरच्या आधाराने. सेवा थांबवायची, तर गटातल्या सर्वांना आधी नम्र सूचना द्यायची. साधारणपणे दीड मिनिटाची मुदत. तेवढ्यात आवरले नाही, तर मग सक्ती. आमच्याकडे एवढीही नोटीस मिळत नाही, हे जाता जाता सांगतो.

त्यांनी आणखी एक शहाणपणा केला. ‘गरज’ आणि ‘क्रम’ या दोन गोष्टी वेगळ्या लिहायला लावल्या. मला अमका हवा, ही एक ओळ. मी अमक्याच्या नंतर, ही दुसरी. जिथे क्रमाची ओळ नाही, तिथे सगळे एकदम सुरू. गरजेतही दोन प्रकार आहेत: तो उठला नाही तर मीही उठणार नाही, हा एक; तो आला तर बरे, नाही तर माझे मी पाहीन, हा दुसरा. शिवाय सेवा पडली तर पुन्हा उठवायची की नाही, हेही लिहिता येते. मात्र दहा सेकंदांत पाचदा उठवूनही ती पडत राहिली, तर मुकादम नाद सोडतो. ही मर्यादा बदलता येते, पण ती असावी हे मला पटते. तापाच्या माणसाला पुन:पुन्हा पाळीवर उभे करण्यात अर्थ नाही.

तिसरी युक्ती त्यांची स्वतःची नव्हे. ॲपल कंपनीच्या ‘लाँचडी’ने ती 2005 मध्ये वापरली होती, आणि तिचे मूळ त्याहून जुने आहे. सेवा सुरू होण्याआधीच तिची खिडकी मुकादमाने उघडून ठेवायची. कोणी अर्ज टाकला, की मग आतल्या माणसाला हाक मारायची. तोवर अर्ज कर्नेल सांभाळते. गिरणीच्या दारावर बदली कामगार असाच उभा असे. काम निघाले तर आत, नाही तर घरी. यंत्राला पोट नाही, म्हणून त्याला ही बदलीची पद्धत शोभते.

हे सगळे इतके चांगले, तर भांडण कशाचे? भांडण झाले, आणि मोठे झाले. हा मुकादम हळूहळू सारा कारखाना गिळतो आहे, असा आक्षेप होता. नोंदवही त्याच्याकडे, ती वाचायलाही त्याचेच अवजार लागते; यंत्राला जोडलेल्या उपकरणांचे खाते 2012 मध्ये त्याच्याच प्रकल्पात आले; कोण आत आला, कोण बाहेर गेला, हे पाहणाराही त्याच्याच घरचा. क्रमांक एक पडला तर सगळे पडते, मग त्याच्या अंगावर इतके ओझे कशाला? हा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. एकाच चिटणिसाच्या खिशात सगळ्या किल्ल्या गेलेल्या युनियन मी पाहिल्या आहेत.

डेबियन नावाची स्वयंसेवकांची एक संस्था लिनक्सची जुळणी करून जगाला देते. तिच्या आठ जणांच्या तांत्रिक समितीत फेब्रुवारी 2014 मध्ये हा प्रश्न मताला आला. सिस्टमडी आणि उबुंटूचा ‘अपस्टार्ट’ यांत मते समसमान पडली, आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी ठरला. विशेष म्हणजे, ज्यांचा अपस्टार्ट हरला, त्या उबुंटूच्या मार्क शटलवर्थ यांनी तीनच दिवसांत हार मान्य करून आपणही सिस्टमडी घेऊ असे जाहीर केले. सगळे मात्र इतके समजूतदार नव्हते. नोव्हेंबरात सर्व सभासदांचे मतदान झाले. कौल असा, की ठरावाची गरजच नाही. काही जण बाहेर पडले. त्यांनी ‘डेव्हुअन’ नावाची वेगळी जुळणी काढली, 2017 मध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती दिली. 2019 मध्ये डेबियनला पुन्हा याच विषयावर मत घ्यावे लागले. अध्यक्षाच्या एका मताने जिंकलेला ठराव किती वर्षे ठसठसत राहतो, हे मला कोणी शिकवायला नको.

माझे मत विचाराल, तर मस्टरच्या बाजूने मी उभा आहे, किल्ल्यांच्या बाबतीत साशंक आहे.

असो. पतपेढीच्या यंत्राचे काय झाले? सभासदांपैकी एकाचा मुलगा या धंद्यात आहे. त्याच्या मदतीने मी स्वतः ती फाइल लिहिली. खातेवहीला डेटाबेस हवा, आणि त्याच्या नंतर. पण एवढ्याने भागत नाही. ‘नंतर’ म्हणजे माणूस दारातून आत आल्यावर, की कामाला उभा राहिल्यावर? म्हणून डेटाबेसने स्वतः मुकादमाला ‘मी तयार’ असे कळवायचे, अशी सोय आहे ती लावली, आणि ते कळवायला उशीर झाला तर किती वाट पाहायची ती मुदतही वाढवून ठेवली. जुलैत पुन्हा वीज गेली. आल्यावर दोन मिनिटे वही उघडली नाही, मग आपली आपण उघडली. कारकुनाने बटणाला हात लावला नाही. मी त्याला तशी ताकीदच दिली होती. ती तीस सेकंदांची ओळ मात्र मी पुसून टाकलेली नाही. पुढे खूण करून निकामी करून ठेवली आहे, शेजारी तारीख आणि कारण लिहून.