त्या दोघांत बायको कोण?
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आपल्या वर्धापनदिनाला दरवर्षी कोणी ना कोणी उपयुक्त विषयावर बोलते. कधी लोणच्यावर, कधी मुलांच्या अभ्यासावर. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "दुपारी तुम्ही जमून जे बघता आणि ज्यावरून एवढा कल्ला करता, त्यावरच बोला. नाहीतरी तो खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येतोच." तेव्हा आज मी त्या मालिकांवर आणि आमच्या कल्ल्यावर बोलणार आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी अक्षरे मला लागतात, पण वाक्य वाचून होण्याच्या आत ते पडद्यावरून पुसले जाते. म्हणून माझी मुलगी वाचून मराठीत सांगते आणि आम्ही सहाजणी बघतो. थायलंड, जपान, तैवान, कोरिया, फिलिपाईन्स या देशांतल्या या मालिका. त्यांत दोन मुलांचे, किंवा दोन पुरुषांचे, एकमेकांवर प्रेम बसते. यांना 'बॉईज लव्ह' म्हणतात, थायलंडात नुसते 'वाय' म्हणतात. आता कोणाच्या कपाळाला आठी पडली असेल. थोडे ऐकून घ्या, मग ती ठेवायची की काढायची ते ठरवा.

हा प्रकार कोणी काढला म्हणाल, तर बायकांनीच. जपानात १९७० च्या सुमारास काही तरुण लेखिका मुलींच्या मासिकांतून चित्रकथा काढू लागल्या. मोटो हागिओ आणि केइको ताकेमिया ही त्यांतली दोन मोठी नावे. त्यांनी शाळेच्या वसतिगृहातल्या मुलांच्या प्रेमाच्या गोष्टी रंगवल्या. वाचणाऱ्या मुली, लिहिणाऱ्या बाया. तिथून हे वेड निघाले आणि २०१४ नंतर थायलंडच्या टीव्हीवर त्याला पूर आला. आजही बघणाऱ्यांत बायकांचा भरणा मोठा आहे.

बायकांना दोन पुरुषांच्या प्रेमाचे एवढे काय? हा प्रश्न आमच्या घरच्या मंडळींनीही विचारून झाला. मला सुचलेले उत्तर असे. मुलगा-मुलीची गोष्ट बघताना आपले अर्धे लक्ष पुढच्या हिशेबात असते. हिचे लग्न झाल्यावर सासू कशी निघेल, नोकरी सोडावी लागेल का, स्वयंपाक कोणाकडे. दोन्हीकडे मुलगेच असले की तो हिशेब आधी ठरलेला नसतो. कोण कोणासाठी काय करणार हे त्यांना दरवेळी नव्याने ठरवावे लागते, आणि तेच बघायला मजा येते.

पण ठरलेले काही नसते असे म्हणावे, तर तेही खरे नाही. आमचे पहिले भांडण झाले ते 'सोटस' या २०१६ च्या थाई मालिकेवरून. इंजिनियरिंग कॉलेजात वरच्या वर्गातली मुले नव्या मुलांना शिस्तीच्या नावाखाली छळतात. त्या छळणाऱ्यांचा म्होरक्या आर्थित, आणि त्याला न घाबरणारा नवा मुलगा कोंगपोप. नव्या मुलांना एक लहानसे दातेरी चाक मिळवायचे असते, ते मिळाले की ती खरी त्या कॉलेजाची झाली. आर्थित म्हणतो, तुला ते कसे मिळेल ते बघतो. त्यावर कोंगपोप सगळ्यांदेखत म्हणतो, मी तुला बायको करीन, म्हणजे तुझे ते माझे होईल.

मुली यावर टाळ्या पिटतात म्हणे. आमच्या खोलीत मात्र शांतता पसरली. मग माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "म्हणजे बायकोचे ते सगळे नवऱ्याचे, हे तिकडेही आहेच का?" दुसरी म्हणाली, अहो, तो चिडवतोय. जाऊबाई म्हणाल्या, चिडवायला 'बायको' हाच शब्द का लागतो? मुलग्याला खाली पाडायचे तर त्याला बायको म्हणायचे! त्या दिवशी चहा गार झाला.

मुलीने सांगितले की असा वाद तिकडच्या प्रेक्षकांतही पुष्कळ होतो. जोडी दिसली की यातला नवरा कोण, बायको कोण, हे आधी ठरवायचे. उंच तो नवरा, गोरा आणि नाजूक तो बायको. जुन्या कथांत तर एकाने जबरदस्ती करावी आणि दुसऱ्याच्या नकाराला होकार समजावे, असेही सर्रास असे. ज्यांचे आयुष्य खरोखरच असे आहे ते पुरुषही तक्रार करतात, की आमच्या नावावर तुम्ही आपली गोडगोड स्वप्ने खपवता. ही तक्रार मला रास्त वाटते. गोडधोडाचे ताट सुंदर दिसले तरी रोजचे जेवण ते नव्हे.

म्हणूनच मला सर्वांत आवडली ती रोजच्या जेवणाची मालिका. जपानीत तिचे नाव 'किनोऊ नानी ताबेता?', म्हणजे 'काल काय जेवलास?' फुमी योशिनागा या लेखिकेची ही चित्रकथा २००७ पासून मासिकात येऊ लागली आणि २०१९ साली टीव्ही टोकियोने तिचे बारा भाग केले. शिरो हा चाळिशी ओलांडलेला वकील, केंजी केस कापणारा. दोघे एका घरात राहतात. शिरो संध्याकाळी वेळेवर कचेरीतून निघतो, स्वस्ताईचे दुकान गाठतो आणि घरी येऊन स्वयंपाक करतो. दोघांच्या जेवणाचा महिन्याचा खर्च पंचवीस हजार येनांत बसवायचा, हा त्याचा हट्ट. काल उरलेला मुळा आज कशात घालायचा याचा विचार तो खटल्यापेक्षा जास्त मन लावून करतो. अहो, आम्ही सहाजणी पडद्याजवळ सरकलो!

एका भागात त्याला दुकानात मोठे कलिंगड स्वस्तात दिसते, पण दोघांना एवढे कशाला? तिथेच एक गृहिणी त्याच अडचणीत उभी असते. ती म्हणते, निम्मे निम्मे घेऊ या. कापायला म्हणून तो तिच्या घरी जातो, आणि परका पुरुष घरात आला या विचाराने ती बाई एकदम घाबरते. तिची भीती घालवायला शिरोच्या तोंडून निघून जाते, की मला बायकांत रस नाही. पुढे ती दोघे भाजी, किराणा वाटून घेऊ लागतात, पाककृती सांगतात. आपल्याकडे गव्हाचे पोते दोघींत घ्यायची रीत आहे, तसेच. हा भाग संपल्यावर आमच्यातली एक म्हणाली, "बाई, मला असा शेजार हवा."

मग मी मुद्दाम विचारले, बरे, या दोघांत बायको कोण? स्वयंपाक आणि काटकसर शिरोची. रुसणे, हौस, डोळ्यांत पाणी केंजीचे. पण मनातले उघड बोलण्याची हिंमतही केंजीचीच, शिरो बाहेर सगळे लपवून असतो. कोणालाच उत्तर देता येईना. जाऊबाई म्हणाल्या, "भाजी निवडतो तो बायको म्हणावे, तर आमच्याकडे निवृत्त झाल्यापासून 'हे'च बायको आहेत."

दुसरा मोठा वाद आईचा. 'बॅड बडी' ही थायलंडची २०२१ सालची मालिका. पॅट आणि प्रान शेजारी वाढलेली मुले, दोघांच्या घरांत हाडवैर. एकमेकांशी बोलायचे नाही, परीक्षेत मात्र त्याच्या वर नंबर हवा. तरुणपणी प्रानच्या आईला मिळायची शिष्यवृत्ती पॅटच्या वडिलांमुळे तिच्या हातून गेलेली असते. ती आग मुलांच्या डोक्यावर. मुले एकमेकांवर जीव लावतात, पळूनही जातात, परत येतात. आणि शेवटी काय करतात? आमचे मोडले असे घरी भासवतात आणि वर्षानुवर्षे चोरून एकत्र राहतात. आईबापांना कळलेले असते, पण तेही कळले नाहीसे दाखवतात.

हा शेवट गोड की कडू, यावर तिकडच्या प्रेक्षकांचे मोठे वाद झाले. आमच्याकडे दोन तट पडले. तिघी म्हणाल्या, फार शहाणी मुले, आईबापांचा मान राखला आणि आपले सुखही. माझी मुलगी तापली. ती म्हणाली, "सारखे कान दारावर ठेवून जगायचे, याला सुख म्हणता?" मला दोन्ही बाजू कळतात, पण माझे मत मुलीकडे झुकते. त्या आईचे शिष्यवृत्तीचे दुःख खरे आहे, मी तिच्या जागी असते तर मीही विसरले नसते. तरी ते फेडायचे होते ते पॅटच्या बापाने. मुलांनी चोरटे आयुष्य जगून ते फिटत नाही.

शिरोची आई निराळी. मुलगा असा आहे हे तिला ठाऊक आहे, आणि आपण समजून घेतले पाहिजे असे ती स्वतःला सारखे बजावते. बाराव्या भागात शिरो नववर्षाला केंजीला घेऊन आईवडिलांकडे जातो. आई खूप खायला करते. परतताना वाटेत केंजी रडतो, असा दिवस आपल्या वाट्याला येईल असे त्याला वाटले नव्हते. आम्ही समजलो, सर्व सुरळीत झाले. पण २०२१ साली याच कथेचा चित्रपट निघाला, त्यात कळते की ते दोघे गेल्यावर आईला ते सोसवले नाही, तिची प्रकृती बिघडली. पुढच्या नववर्षाला त्याला आणू नकोस, असे शिरोला सांगण्यात येते. तेव्हा शिरो ठरवतो, यापुढे नववर्ष केंजीबरोबर.

जाऊबाईंना ती आई दुष्ट वाटली. मला नाही वाटली. ताट वाढले, हसून बोलली आणि मग तिला झेपले नाही. बुद्धीने मानलेले पोटात उतरायला वेळ लागतो, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? आणि तिच्या घरी निदान ते स्पष्ट बोलले तरी गेले. म्हणून शिरोलाही स्पष्ट ठरवता आले.

त्या दुपारी आमच्यातली एक मधूनच उठून गॅस बघायला गेली. गॅसवर काहीच नव्हते. आठ दिवसांनी ती मला जिन्यात म्हणाली, "माझा धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात एका मित्राबरोबर राहतो. बारा वर्षे झाली. आम्ही त्या मित्राचे नावसुद्धा कधी विचारले नाही." हे इथे सांगायला तिने मला परवानगी दिली आहे, तेव्हा ती कोण हे ओळखण्याचा खेळ कृपा करून कोणी खेळू नये. यंदा भाऊबीजेच्या आधी तिने भावाला फोन केला आणि विचारले, "तुझ्याबरोबरच्यांना अनारसे चालतात का?" पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग तो म्हणाला, "त्याला चकली आवडते." भाऊ एकटाच आला, चकलीचा डबा घेऊन गेला. त्यांच्या आईला अजून काही सांगितलेले नाही. सांगावे की नाही यावर आमचे एकमत नाही, आणि ते ठरवणारे आम्ही कोण, असेही एकीचे म्हणणे आहे.

कायद्याचेही थोडे सांगते, कारण मागच्या खेपेला एका काकांनी विचारले होते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी असा संबंध गुन्हा नाही असे ठरवले. लग्नाला मान्यता देण्याचे मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात नाकारले. तैवानात अशी लग्ने २०१९ च्या मे महिन्यापासून होतात, थायलंडात २३ जानेवारी २०२५ पासून. मालिका बनवणारा तो देश आता खरी लग्नेही नोंदवतो.

चीनची तऱ्हा वेगळी. तिथल्या 'द अनटेम्ड' या २०१९ सालच्या मालिकेचे पन्नास भाग आहेत आणि प्रेम हा शब्द त्या दोघांत एकदाही उच्चारलेला नाही, सरकारी कात्री आडवी येते. एक बासरी वाजवतो, दुसरा तंतुवाद्य. एक मरतो, दुसरा त्याच्यासाठी सोळा वर्षे झुरतो. बाकी सर्व प्रेक्षकांनी नजरेवरून ओळखायचे. आपल्या जुन्या सिनेमांत दोन फुले एकमेकांना टेकली की आपण ओळखत असू, त्यातलाच प्रकार. २०२१ साली तिथल्या सरकारने अशा कथांवर आणखी कडक बंधने घातली.

आता आम्ही 'चेरी मॅजिक' पाहतो आहोत. जपानातला आदाची नावाचा कारकून तिशीला पोचतो तेव्हा, ज्याला स्पर्श होईल त्याच्या मनातले त्याला ऐकू येऊ लागते. गर्दीच्या लिफ्टमध्ये त्याला कळते की कचेरीतला तो रुबाबदार कुरोसावा याच्यावरच भाळला आहे. विचारल्यावाचून दुसऱ्याचे मन ऐकणे बरे की वाईट, हा आमचा चालू वाद आहे. जाऊबाई म्हणतात, त्यांना एक दिवस ती विद्या मिळाली तर त्या स्वयंपाकघरातून बाहेरच येणार नाहीत, वाढताना काय काय ऐकावे लागेल!

दर बुधवारी दुपारी तीन वाजता आमच्याकडे जमतो. ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे, बसायला सतरंजी आहे. काकांनीही यायला हरकत नाही.