मधपेटी आणण्याआधी



आमच्या बचत गटाने मधमाशा पाळायचे ठरवले आणि पहिल्याच बैठकीत वाद झाला. काहीजणी म्हणाल्या, कर्ज काढून १० पेट्या घेऊ. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ झाले, मग आपण का मागे?

आम्ही आधी शिवार फिरलो. कोणत्या महिन्यात काय फुलते, ते वहीत लिहिले. तूर, शेवगा, सूर्यफूल, जांभूळ, हिरडा. जून-जुलैचे पान मात्र जवळजवळ कोरे! तेव्हा माशांना साखरेचा पाक द्यावा लागतो. तो खर्च आम्ही धरलाच नव्हता.

मग ठरले. आधी प्रशिक्षण, मग सातेरी माशीच्या दोनच पेट्या. एक वसाहत कमजोर झाली, तर दुसरीतली अंडी-पिलांची फ्रेम तिला देता येते. पेटी सावलीत ठेवायची, स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. शेजारच्या शेतकऱ्यांना विनंती केली, फवारणी संध्याकाळी करा, आदल्या दिवशी सांगा.

पहिल्या वर्षी मधाचा हिशेब मांडायचा नाही. दोन्ही वसाहतींनी पावसाळा काढला, तर तोच आमचा नफा.

तुमच्या शिवारात कधी काय फुलते? आजच वही काढा, बायांनो.