पाचव्या थराचा नकाशा

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात एका भूदृश्यरचनाकार मैत्रिणीने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



मी काय काम करते हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे बागा करता का?" बागाही करते. पण मुळात जमीन, पाणी, झाडं आणि माणसांची वहिवाट यांचा एकत्र विचार करून जागा आखायची, हे आमचं काम. त्यात नगररचनाकार असतात, पर्यावरणाचे अभ्यासक असतात आणि माझ्यासारखे भूदृश्यरचनाकार असतात. हे सगळे एका टेबलाभोवती बसले तर जागा चांगली होते, असं आम्हाला शिकवलं गेलं. ते खरं आहे, पण अपुरं आहे.

आधी ते खरं कसं, ते सांगते. इयान मॅकहार्ग नावाचे एक शिक्षक अमेरिकेत पेनसिल्व्हानिया विद्यापीठात होते. १९६९ साली त्यांचं 'डिझाइन विथ नेचर' हे पुस्तक आलं. त्यांची पद्धत समजायला सोपी आहे. जमिनीचा उतार, माती, पुराचं पाणी, झाडझाडोरा अशा प्रत्येक गोष्टीचा एक पारदर्शक नकाशा करायचा आणि ते सगळे एकावर एक ठेवायचे. मग रस्ता कुठून न्यायचा, घरं कुठे बांधायची नाहीत, ते डोळ्यांना दिसतं. आज हेच काम संगणकावर होतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी असलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहा. तिथे पूर्वी मुंबईचा कचरा टाकत. त्या सुमारे ३७ एकरांवर झाडं वाढवली, पाणी साठवलं आणि १९९४ साली उद्यान खुलं झालं. उकिरड्याचं रान होऊ शकतं, हे मुंबईने पाहिलं आहे.

आता अपुरं कसं, ते सांगते. ही माझी स्वतःची चूक आहे.

काही वर्षांपूर्वी एका शहरात ओढ्याकाठच्या जागेचं काम आमच्या गटाकडे आलं. ओढा काँक्रीटच्या भिंतीत कोंडायचा बेत होता. आम्ही भांडून तो रद्द करून घेतला. पुराचं पाणी पसरायला सखल जागा सोडली. काठावर करंज, उंबर लावले, माती धरून ठेवायला निर्गुडीची दाट रांग लावली. गुरं शिरू नयेत म्हणून कुंपण आणि फाटक केलं. दोन पावसाळे गेले. वस्तीत पाणी शिरलं नाही, पक्षी आले. आम्ही खूश होतो.

एकदा वस्तीतल्या बचतगटाच्या बैठकीला सहज जाऊन बसले. तिथे एक बाई म्हणाल्या, "ताई, फाटक सहाला उघडतं. आमची बस साडेपाचची."

धुणीभांडी आणि स्वयंपाकाच्या कामाला जाणाऱ्या या बायका वर्षानुवर्षं ओढ्याकाठच्या पायवाटेने बसथांब्यावर जात होत्या. आता त्यांना अंधारात हमरस्त्याने मोठा वळसा पडत होता. फाटक उघडं असलं तरी संध्याकाळी निर्गुडीच्या आडोशाला कोण बसलंय ते दिसत नसे. त्यामुळे दोन मुलींची शिकवणी घरच्यांनी बंद केली होती. मी घरी येऊन जुना नकाशा काढला. त्या पायवाटेवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'रिकामी जागा'.

आमच्याकडे उतार, माती, पाणी, झाडं असे चार थर होते. पाचवा थर नव्हता: कोण, किती वाजता, कशासाठी इथून जातं. आम्ही पाहणी केली ती सकाळी अकराला. तेव्हा त्या बायका दुसऱ्यांच्या घरी भांडी घासत होत्या.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. वाटेलगतची निर्गुडी कमरेपर्यंत छाटली, दुसऱ्या टोकाला वाट मोकळी केली, खाली उजेड पाडणारे दिवे लावले. एकही झाड तोडावं लागलं नाही, पुराची जागाही तशीच राहिली. म्हणजे निसर्ग की बायका, असा प्रश्न कधी नव्हताच. विचारलं नव्हतं, एवढंच. पण त्या दोन मुलींपैकी एकीची शिकवणी पुन्हा सुरू झाली नाही. तिचं लग्न ठरलं होतं.

हे बदलता येतं का? ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहराने ते करून दाखवलं. एव्हा काइल या नगररचनाकार बाईंच्या पुढाकाराने तिथल्या नगरपालिकेत १९९० च्या दशकात स्त्रियांच्या नजरेतून नियोजन सुरू झालं. चार स्त्री-वास्तुरचनाकारांनी ३५७ घरांची वसाहत आखली. तिथे पाळणाघर आहे, स्वयंपाकघरातून खेळणारी मुलं दिसतील अशी अंगणं आहेत. पुढे बागांची पाहणी झाली. नऊ वर्षांनंतर मुली बागेत दिसेनाशा होतात, मुलं मात्र येत राहतात, असं आढळलं. मोठं मैदान मुलगे व्यापत आणि मुली मागे सरत. मग १९९९ साली दोन बागा बदलल्या. मोकळ्या मैदानाचे छोटे भाग पाडले, वाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली. मुली परत आल्या. मुलींना उपदेश करावा लागला नाही, जागा बदलली.

आपल्याकडे १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा आहे. शहराच्या विकास योजनेचा मसुदा जाहीर झाला की ठरलेल्या मुदतीत कुणालाही लेखी हरकती आणि सूचना देता येतात. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्यासाठी स्त्री-संघटनांनी तशा सूचना दिल्या होत्या. पण मसुदा हातात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा आपला नकाशा आधीच तयार असावा.

म्हणून आज प्रत्येकीला एक कोरा कागद दिला आहे. घरी जाऊन वस्तीतल्या पाचसात जणींना बसवा. पहाटेपासून रात्रीपर्यंत त्या कुठून कुठे जातात, ते काढा. पाणी कुठे भरतात, कुठे सावलीला टेकतात, संडासला कुठे जातात, कुठे पाऊल भराभर उचलतात, ते खुणांनी दाखवा. नकाशा वाकडातिकडा आला तरी चालेल. वेळ मात्र लिहा.

तो कागद घेऊन आमच्यासारख्यांच्या टेबलापाशी या. खुर्ची कुणी दिली नाही, तर आपली सतरंजी घेऊन या.