हक्क शिरगणतीने ठरत नाहीत

समलिंगी माणसे संख्येने अत्यल्प आहेत, हेही एक कारण देऊन सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली कलम ३७७ कायम ठेवले. शिरगणतीने हक्क वाटावयाचे, तर कातकऱ्यांनी कोणाच्या तोंडाकडे पाहावे? २०१८ साली घटनापीठाने ती चूक दुरुस्त केली. १८६० च्या इंग्रजी दंडसंहितेने मारलेला गुन्हेगारीचा शिक्का पुसला गेला.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. वाचकांच्या समलैंगिकतेविषयीच्या प्रश्नांना ‘समाजस्वास्थ्य’मधून सरळ उत्तरे दिल्याबद्दल र. धों. कर्व्यांवर खटला झाला. १९३४ साली डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. (जयंतीच्या व्याख्यानांत हे सहसा येत नाही!)

विवाहाचा हक्क मात्र २०२३ साली नाकारला गेला. जन्मभराचा जोडीदार निवर्तला, तरी मागे राहिलेल्यास कुटुंब-निवृत्तिवेतन नाही. कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रांत हे कलम घालावे.