घामावर लावलेली पैज



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात सुरू झाली. या व्यासपीठाची परंपरा विद्वानांची आहे. आम्ही शाळेत सातवीपर्यंत गेलो. पुढची विद्या कामगारांच्या सभांतून आणि रात्री वाचलेल्या उसन्या पुस्तकांतून मिळाली. म्हणून पेठकरांचे निमंत्रण आले तेव्हा आम्ही ठरविले की, विद्वत्तेचे भाषण करावयाचे नाही, हिशेबाचे करावयाचे. विषय आहे दमसासाच्या खेळांवर लागणाऱ्या पैजांचा, आणि त्या लागाव्यात म्हणून दाखविल्या जाणाऱ्या आमिषांचा.

तुम्ही म्हणाल, आमच्या सातगाव पठारावर बटाटा पिकतो. फ्रान्सातल्या सायकलशर्यतीवर येथे कोण पैसे लावणार? आम्हीही असेच म्हणत होतो. आमची चूक कशी झाली ते पुढे सांगतो.

पैज ही या खेळांची जुनी सोबतीण आहे. १८६० साली एडवर्ड वेस्टन नावाच्या अमेरिकन तरुणाने लिंकन निवडणूक हरणार अशी पैज लावली. लिंकन जिंकले, आणि पैजेपायी वेस्टन १८६१ साली बोस्टनहून वॉशिंग्टनपर्यंत चालत गेला. त्यातून चालण्याच्या शर्यतींचे वेड पसरले. १८७८ साली लंडनमध्ये डॅनियल ओलिअरी सहा दिवसांत ५२० मैल चालला. चालणाऱ्याच्या पायांना फोड आले, आणि पाहणाऱ्यांनी त्या फोडांवर पैसे लावले. परंतु तो माणूस निदान त्यांच्या डोळ्यांसमोर तरी होता.

आपल्याकडे मुंबईच्या कामगारवस्तीत काय झाले? प्रथम न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील आकड्यांवर जुगार चाले. पुढे १९६२ च्या सुमारास वरळीत मटका सुरू झाला. ज्या हातांनी कापूस कातला, त्याच हातांची मजुरी कापसाच्या आकड्यांनी आणि मग मडक्यातल्या चिठ्ठ्यांनी खाल्ली. मटक्याला निदान गल्ली होती, अड्डा होता. घरची बाई तेथे जाऊन नवऱ्याला हाताला धरून आणू शकत होती. खिशातल्या फोनमधून माणसाला बाहेर कसे आणावयाचे?

आपल्या घाटातला बैलगाडा घ्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यत बंद केली, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. घाटावर उभ्या असलेल्या माणसाला बैल ठाऊक असतो, बैलाचा धनी ठाऊक असतो. तेथेही कोणी पैसे लावले तर तो जुगारच; परंतु तेथे डोळ्यांना काही दिसते. चोवीस तास धावणाऱ्या परदेशी माणसाविषयी आपल्या पोराला काय ठाऊक असते? त्याचे नावही नीट उच्चारता येत नाही. आणि नेमके म्हणूनच असले खेळ पुढे केले जातात. क्रिकेट रात्री थांबते. पण जगात कोठेतरी कोणीतरी सायकल हाकीत असतो, पोहत असतो, धावत असतो. दुकान कधी बंदच करावे लागत नाही.

आता हिशेब. समजा, दोन सायकलस्वार तुल्यबळ आहेत आणि दोघांचाही भाव १.८० आहे. दोघांवर शंभर-शंभर लावले, तर गेले दोनशे आणि परत आले एकशे ऐंशी. वीस रुपये दुकानाचे. म्हणजे शेकडा दहा. आता आमिष पाहा. ‘पाचशे रुपये मोफत घ्या; फक्त काढण्यापूर्वी दहापट उलाढाल करा.’ दहापट म्हणजे पाच हजार. पाच हजारांवर शेकडा दहा, म्हणजे पाचशे. सरासरीने पाहिले तर दिलेले सगळे त्याच्याच गल्ल्यात परत गेले, आणि तुम्हांला मात्र सवय लागली. सावकार निदान व्याज सांगून तरी कर्ज देत असे!

शिवाय जेथे खेळाडूचे पोट भरत नाही, तेथे खेळ विकत घेणे सोपे जाते. टेनिसच्या खालच्या पातळीवर पैजांनी किती कीड लागली आहे, हे २०१८ साली त्या खेळाच्या चौकशी समितीने सांगितलेच आहे. आम्हां कामगारवाल्यांना याचे नवल वाटत नाही. अपुरी मजुरी माणसाला विकाऊ करते.

आता आमची चूक. १ मे २०२२ रोजी आमच्या युनियनने कामगारांची दहा किलोमीटरची दौड भरविली. वर्गणीतून सदरे होईनात. ‘खेळाच्या बातम्या’ देणारी एक कंपनी पुढे आली आणि तिने फुकट सदरे दिले. कमिटीतली एक मुलगी म्हणाली, “दादा, नुसत्या बातम्या देऊन हे एवढे सदरे कसे वाटतात?” आम्ही तिला हसून गप्प केले. बातम्यांच्या नावाआडून पैजांची जाहिरात होते, असा इशारा केंद्र सरकारने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिला. मुलीला ते पाच महिने आधी दिसले होते.

त्या दौडीत या पठारावरचा एक कंत्राटी कामगार धावला. सदऱ्यावरचे नाव त्याने फोनवर शोधले. जुलैत फ्रान्सच्या सायकलशर्यतीवर ‘मोफत’ पैज लावली, आणि ती जिंकला. पुढच्या जूनमध्ये बापाने बटाट्याच्या बेण्यासाठी ठेवलेले पैसे गेले होते. त्या वर्षी त्यांचे अर्धे रान पडीक राहिले. पोरगा आमच्या कचेरीत आला, घडी केलेला सदरा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “नाव मला तुम्हीच दिलंत, दादा.” पंचवीस वर्षे मालकांशी वाद घातलेल्या आमच्या तोंडातून त्या दिवशी शब्द निघाला नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. असा खेळ पुरविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे आम्हांला विशेष योग्य वाटते. म्हणून ज्याचे पैसे गेले त्याने तोंड लपवू नये, आणि घरच्यांनी त्याला चोर ठरवू नये. परंतु समुद्रापलीकडच्या दुकानाला कायद्याचा हात पोचेपर्यंत गावानेच जागे राहावयाचे आहे. यात्रेचा फलक असो, तालमीचा असो की दौडीचा सदरा असो, देणगी देणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: तुमचा पैसा येतो कोठून? आणि तो प्रश्न एखाद्या पोरीने विचारला, तर हसू नका.

आमची दौड आजही होते. सदरे वर्गणीचे, साधे पांढरे. त्यांवर कोणाचेही नाव नाही. तो पोरगा अजून कर्ज फेडतो आहे. दौडीत तो धावतो, आणि त्याच्या धावण्यावर कोणाचा एक पैसाही लागलेला नसतो.