अवघड प्रश्नाच्या जागी सोपा प्रश्न
(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



भावाची चर्चा आपण नेहमीच करतो. आज त्याआधी थोडं आपल्या डोक्याविषयी बोलू. हिशेब डोक्यानंच करायचा असतो, आणि डोकं आपल्याला कुठं चकवतं हे ठाऊक नसेल तर खरे आकडे हातात असूनही हिशेब चुकतो.

डॅनियल काहनेमन नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. २००२ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, २०२४ साली ते वारले. माणूस अंदाज कसे बांधतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यांचं म्हणणं असं, की प्रश्न अवघड असला की मन गुपचूप त्याच्या जागी सोपा प्रश्न ठेवतं. सोप्याचं उत्तर काढतं आणि तेच अवघडाचं उत्तर म्हणून आपल्या हातात देतं. अदलाबदल झाली हे आपल्याला कळतही नाही.

यात अडाणी-शहाणा हा भेद नाही, खेडं-शहर हाही नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांची पोरं ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे कामाला आहेत. तिकडचंच उदाहरण घ्या. ठाण्याजवळ शिळफाट्याला लकी कंपाउंडमध्ये काही महिन्यांत सात मजले उभे राहिले. परवानगी नाही, वर काम चालू, खाली माणसं राहायला आलेली. ४ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळी इमारत कोसळली. ७४ माणसं गेली. बिल्डर पकडले गेले, महापालिकेचे अधिकारी आणि पोलीसही पकडले गेले. गुन्हा त्यांचाच. गरिबाला स्वस्त घराशिवाय इलाज नव्हता, हेही खरं. पण अशा घरात शिरताना अवघड प्रश्न असतो, ‘ही इमारत पक्की आहे का?’ मन विचारतं सोपा, ‘लोक राहायला आलेत का?’ आलेत म्हटल्यावर आपणही सामान हलवतो.

आता मृग आठवा. अवघड प्रश्न आहे, ‘पेरणीजोगी ओल झाली का?’ ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं शेतीखातं सांगतं. आपण काय विचारतो? ‘शेजाऱ्यानं तिफण जुंपली का?’ आणि शेजारी बघत असतो आपल्याकडे! मग पावसाची उघडीप, कपाशीचं महागडं बियाणं मातीत, ज्वारीचीही दुबार पेरणी.

दुसरी अदलाबदल याहून घातक आहे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ ला रसायनाच्या कारखान्यात स्फोट झाला, १२ माणसं गेली. काही दिवस बोलणं झालं, मग सगळं शांत. २३ मे २०२४ ला त्याच एमआयडीसीत दुसऱ्या कारखान्यात पुन्हा स्फोट, पुन्हा दहाच्या वर माणसं गेली. ‘धोका आहे का?’ याच्या जागी ‘इतक्यात काही झालं का?’ हा प्रश्न बसला, की मधली शांत वर्षं हाच सुरक्षिततेचा दाखला वाटू लागतो.

आपल्याकडे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषानं वीसच्या वर माणसं दगावली, शेकडो दवाखान्यात गेली. ‘इतकी वर्षं फवारतोय, काय झालं?’ असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, फवारा तोंडावर येत होता. मागच्या वर्षाचं उत्तर त्या वर्षाला लागू नव्हतं. विकणाऱ्यांचा आणि सरकारचा जाब आपण मागूच, पण जाब मागायला माणूस जिवंत पाहिजे.

तिसरी भावाची. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला १०,००० च्या वर गेला. हमीभाव होता मध्यम धाग्याला ५,७२६. पुढच्या हंगामात प्रश्न होता, ‘यंदा जगात रुईला मागणी किती?’ आपण उत्तर दिलं ‘गेल्या साली काय मिळालं?’ याचं. मे २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात पौंडाला दीड डॉलरच्या आसपास गेलेली रुई वर्षअखेर ९० सेंटच्या आत आली होती. इकडे कापूस घरात, पोराबाळांच्या अंगाला खाज, आणि मन १०,००० च्या खुंटीला बांधलेलं. उन्हाळ्यापर्यंत भाव ७,००० च्या आसपास उतरला. थांबणं चूक नव्हे. कशाच्या जोरावर थांबलो, हे न विचारणं चूक.

उपाय फार मोठा नाही. निर्णयाआधी मूळ प्रश्न मोठ्यानं म्हणा. मग स्वतःला विचारा, ‘मी उत्तर याचंच देतोय का?’ घरात बाईमाणसालाही विचारा. घर चालवताना तिला हा हिशेब रोज करावा लागतो.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं वहीत यंदाचा एक निर्णय लिहून आणावा. पेरणीचा, फवारणीचा किंवा विक्रीचा. एका बाजूला खरा प्रश्न काय होता, दुसऱ्या बाजूला आपण उत्तर कुठल्या प्रश्नाचं दिलं. चर्चा तिथूनच सुरू करू.