चित्रावर लिहिलेला मजकूर



हट्ट्याची बावली पाहून परतणाऱ्याला ती दूरच्या सुहृदाला दाखवावीशी वाटते. याच ओढीवर १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात सचित्र स्मरणकार्डे खपली. राजा रविवर्म्यांची चित्रेही त्याच प्रदर्शनात होती. पुढे मळवलीच्या त्यांच्या छापखान्यातूनही चित्रकार्डे निघाली.

अमेरिकेत १ मार्च १९०७ पर्यंत कार्डाच्या पाठीवर केवळ पत्ता लिहिता येई. मग खुशालीच्या ओळी चित्राच्या कडेला, क्वचित आकाशावरही चढत. चोखंदळ संग्राहक अशा कार्डांना नाक मुरडतो. पण खरी गोडी त्या दाटीवाटीच्या अक्षरांतच आहे. पुनर्बांधणीला काढलेल्या पुस्तकात खुणेसाठी ठेवलेले असे कार्ड, देशी वा विदेशी, सापडल्यास ग्रंथपालांनी ते टाकू नये. पुस्तकाचा दाखल क्रमांक घातलेल्या पाकिटात जपावे.